अन्नातील जोखीम कशी मोजली जाते?

पुण्यात बिबवेवाडीला लागूनच गुलटेकडीचे मार्केट यार्ड आहे. पहाटे तेथे भाजीपाल्याच्या गाड्या रिकाम्या होतात, चैत्र-वैशाखात हापूसच्या पेट्यांच्या थप्प्या लागतात आणि भुसार बाजारातून धान्य, गूळ, मसाले शहरभर जातात. याच मालाविषयी दर वर्षी ठरावीक बातम्या येतात : कार्बाइडने पिकवलेला आंबा, भेसळीचे दूध, कीटकनाशकांचे अंश असलेली भाजी. बातमीत पदार्थ ‘सापडल्याचे’ सांगितलेले असते. किती सापडला, तेवढ्याने काय होते आणि ते कोणी ठरवले, हे बहुधा सांगितलेले नसते. त्यामुळे क्षुल्लक गोष्टीची भीती वाटते आणि खरी जोखीम नजरेआड होते.

हे ठरविण्याची कायदेशीर जबाबदारी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणावर आहे. १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली. प्राधिकरणाची स्थापना २००८ मध्ये झाली आणि ५ ऑगस्ट २०११ पासून नव्या कायद्याची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाली. जुन्या कायद्याचा भर भेसळ पकडण्यावर होता. नव्या कायद्याने त्याला ‘जोखीम विश्लेषणा’ची जोड दिली. मानके दिल्लीत ठरतात, तर नमुने घेणे आणि कारवाई करणे हे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचे काम आहे.

धोका आणि जोखीम

दैनंदिन बोलण्यात हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात; कायदा त्यांत फरक करतो. अपाय करू शकणारा घटक म्हणजे धोका. मग तो जंतू असो, रसायन असो वा काचेचा तुकडा. तो घटक प्रत्यक्षात अपाय करण्याची शक्यता आणि त्या अपायाची तीव्रता यांचा एकत्रित हिशेब म्हणजे जोखीम. घटक तोच राहिला तरी पोटात जाणारी मात्रा बदलली की जोखीम बदलते.

हा हिशेब चार पायऱ्यांनी होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांनी १९६३ मध्ये स्थापन केलेल्या कोडेक्स आयोगाने ही पद्धत रूढ केली. प्रथम घटक ओळखायचा. दुसऱ्या पायरीत कोणत्या मात्रेला कोणता परिणाम होतो हे तपासायचे. तिसऱ्या पायरीत लोकांच्या पोटात तो प्रत्यक्षात किती जातो याचा अंदाज घ्यायचा. शेवटी या दोहोंची तुलना करून जोखमीचे स्वरूप सांगायचे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्राण्यांवरील दीर्घकालीन चाचणीत एका कीटकनाशकाची रोज शरीराच्या दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम मात्रा निरुपद्रवी ठरली. माणूस प्राण्यापेक्षा दहापट संवेदनशील असू शकतो आणि माणसामाणसांतही दहापट फरक असू शकतो, असे गृहीत धरून ती मात्रा सामान्यतः शंभराने भागतात. उरतात ०.०१ मिलिग्रॅम. ६० किलो वजनाच्या प्रौढासाठी ही दैनंदिन मर्यादा ०.६ मिलिग्रॅम होते, तर १२ किलोच्या बालकासाठी अवघी ०.१२ मिलिग्रॅम. समजा, टोमॅटोत किलोमागे ०.५ मिलिग्रॅम अंश राहू दिला आणि त्या बालकाने १०० ग्रॅम टोमॅटो खाल्ले, तर ०.०५ मिलिग्रॅम पोटात गेले. टोमॅटोपुरते हे ठीक आहे. परंतु तेच रसायन वांगी, मिरची आणि द्राक्षांवरही असेल, तर सर्वांची बेरीज करावी लागते. मर्यादेपेक्षा थोडा जास्त अंश असलेली एक जुडी खाल्ल्याने विषबाधा होईलच असे नाही आणि प्रत्येक भाजी मर्यादेत असली तरी बालकाची बेरीज सुरक्षित असेलच असेही नाही.

या चारांपैकी तिसरी पायरी सर्वांत अवघड आहे. कोण काय आणि किती खातो हे ठाऊक असल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण संस्थेने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आहार पाहण्या केल्या. मात्र त्यांचा भर ग्रामीण भागावर होता. शहरातील कुटुंबाच्या ताटात भाकरीबरोबर बिस्किटे, तयार नूडल्स आणि बाहेरचे तळलेले पदार्थ येतात, तेव्हा जुन्या आहारावर बेतलेला अंदाज अपुरा ठरू शकतो.

दुधाचे दोन अहवाल

मोजण्याची पद्धत बदलली की चित्र कसे पालटते, हे दुधाच्या दोन सर्वेक्षणांतून दिसते. २०११ मध्ये प्राधिकरणाने देशभरातून १,७९१ नमुने तपासले. त्यांतील ६८.४ टक्के मानकांत बसले नाहीत आणि ‘देशातील दोन तृतीयांश दूध भेसळीचे’ अशी बातमी झाली. वस्तुतः मानकात न बसण्याची बरीचशी कारणे पाणी आणि दूध पावडर यांच्याशी निगडित होती. ग्राहकाची ही फसवणूक निश्चित होती. तथापि प्रत्येक वेळी ती आरोग्याला घातक होती असे नाही.

२०१८ च्या सर्वेक्षणात १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने घेण्यात आले आणि सुरक्षितता व दर्जा यांचे निष्कर्ष वेगळे मांडण्यात आले. सुमारे ४१ टक्के नमुने स्निग्धांश, साखर यांसारख्या दर्जाच्या निकषांत कमी पडले, तर सुमारे ९३ टक्के सुरक्षित ठरले. ज्याची चर्चा सर्वाधिक होते ती युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी भेसळ केवळ १२ नमुन्यांत आढळली. ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होते. ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर होते.

अफ्लाटॉक्सिन कोणी मुद्दाम मिसळत नाही. ओलसर जागेत ठेवलेल्या मक्यावर, सरकी किंवा शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी येते, तिचे विष जनावराच्या पोटात जाते आणि त्याचे रूपांतरित द्रव्य दुधात उतरते. दूध उकळल्याने ते नष्ट होत नाही. या विषांचा यकृताच्या कर्करोगाशी संबंध असल्याने त्यांच्यासाठी निर्धोक दैनंदिन मात्रा निश्चित केली जात नाही; प्रमाण शक्य तितके कमी ठेवणे हेच धोरण असते. भारतात आणि कोडेक्समध्ये दुधासाठी मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, तर युरोपीय संघात त्याच्या एक दशांश, म्हणजे ०.०५ मायक्रोग्रॅम. विज्ञान एकच असूनही मर्यादा वेगळ्या आहेत. किती जोखीम पत्करायची आणि किती दूध बाजाराबाहेर जाऊ द्यायचे, हा शास्त्राच्या पुढचा, धोरणाचा निर्णय आहे. उपायही डेअरीच्या दारात कमी आणि गोठ्यातील पेंड साठवण्याच्या पद्धतीत अधिक आहे.

आंब्याच्या बाबतीत निर्णय सोपा होता. कॅल्शियम कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात आणि फळ पिकवण्यासाठी पर्याय उपलब्ध आहे. म्हणून त्याच्या वापरावर संपूर्ण बंदी आहे. इथिलिन वायू फळातच निसर्गतः तयार होतो. त्यामुळे दहा लाख भागांत १०० भाग या प्रमाणापर्यंत तो वापरण्यास २०१६ पासून मुभा आहे. टाळता येण्याजोगी जोखीम अल्प असली तरी पत्करायची नाही, हे त्यामागील तत्त्व आहे.

पोषणातील जोखीम

विषाबाबत ‘जितके कमी तितके चांगले’ म्हणता येते. पोषकद्रव्याच्या बाबतीत अभाव आणि अतिरेक दोन्ही घातक असतात. आयोडीन हे त्याचे उत्तम उदाहरण. गलगंड व बालकांच्या मेंदूची खुंटलेली वाढ टाळण्यासाठी मे २००६ पासून थेट खाण्याकरिता बिनआयोडीनचे मीठ विकण्यास बंदी आहे. किरकोळ विक्रीच्या मिठात दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे लागते. दिवसाला १० ग्रॅम मीठ खाल्ले तर त्यातून १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे प्रौढाची रोजची गरज भागते. परंतु रक्तदाब टाळण्यासाठी ५ ग्रॅमच मीठ खावे असा सल्ला दिला जातो आणि तो पाळणाऱ्याला त्याच मिठातून ७५ मायक्रोग्रॅमच मिळतात. म्हणून मिठातील आयोडीन आणि खाल्ले जाणारे मीठ यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

ट्रान्स फॅटबाबत अशी कसरत नव्हती. हृदयविकाराशी त्याचा संबंध सिद्ध झाला असल्याने तेले व वनस्पती तुपातील मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली. पाकिटावरील इशाऱ्याचा प्रश्न मात्र वादाचा ठरला. सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात पाकिटाला तारे देण्याची पद्धत सुचविण्यात आली. साखर, मीठ व चरबी जास्त असल्याचा थेट इशाराच छापावा, असा अनेक आरोग्यतज्ज्ञांचा आग्रह होता.

साखळीतील कच्चे दुवे

युरोपात जोखमीचे शास्त्रीय मूल्यमापन एक संस्था करते आणि नियम करण्याचा निर्णय दुसऱ्या यंत्रणा घेतात. भारतात दोन्ही कामे एकाच प्राधिकरणाकडे आहेत. म्हणूनच त्याला सल्ला देणाऱ्या शास्त्रीय गटांच्या निःपक्षपातीपणाला अधिक महत्त्व आहे. गटांत स्वतंत्र शास्त्रज्ञ असावेत असे कायदाच सांगतो. तरीही सुरुवातीच्या गटांत उद्योगांच्या प्रतिनिधींचा समावेश होता. त्यास आक्षेप घेतला गेला, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्याची दखल घेतली आणि गटांची फेररचना करावी लागली.

दुसरा दुवा प्रयोगशाळेचा. जून २०१५ मध्ये शिशाचे प्रमाण जास्त असल्याच्या अहवालांवरून प्राधिकरणाने मॅगी नूडल्सवर बंदी घातली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला. कंपनीला म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी दिली गेली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांचा आधार घेतला होता त्यांना आवश्यक मान्यता नव्हती, ही त्याची प्रमुख कारणे होती. न्यायालयाने तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणीचा आदेश दिला. त्या तपासणीत शिसे २.५ पीपीएमच्या मर्यादेत आढळले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. मोजमापच वादग्रस्त असेल तर त्यावरचा निर्णय टिकत नाही, हा या प्रकरणाचा धडा होता.

या बाबतीत पुणेकरांचे भाग्य थोर. जुन्या कायद्याखालील चार केंद्रीय अन्न प्रयोगशाळांपैकी एक पुण्याच्या राज्य आरोग्य प्रयोगशाळेत होती, तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात कीटकनाशक अंशांची राष्ट्रीय स्तरावरील प्रयोगशाळा आहे.

ग्राहकाचा अधिकार

अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून ठेवले जातात आणि चौथा, विक्रेत्याने मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल देणे अपेक्षित असते. अहवालात ‘कमी दर्जाचे’, ‘मिथ्याछाप’ किंवा ‘असुरक्षित’ असा निष्कर्ष येऊ शकतो. कमी दर्जासाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. असुरक्षित अन्नासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. बातमी वाचताना या तीन शब्दांतील फरक लक्षात ठेवावा.

कायद्याच्या ४० व्या कलमानुसार सामान्य ग्राहकही विक्रेत्याला तसे कळवून आणि शुल्क भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. पदार्थ कायद्यातील तरतुदींत बसत नसल्याचे निष्पन्न झाल्यास शुल्क परत मिळते. हा अधिकार फारसा वापरला जात नाही. तो वापरला न गेला तरी प्रत्येक ‘सापडले’ या बातमीला चार प्रश्न विचारता येतात : काय सापडले, किती सापडले, कोणत्या प्रयोगशाळेत सापडले आणि ते कोणाच्या पोटात किती जाते?