नांदेड व लातूर : उंच इमारती आणि वास्तू

मराठवाड्यातील दोन मोठी शहरे. नांदेड गोदावरीच्या काठी, तर लातूर बालाघाटाच्या पठारावर वसले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या सुमारे ५.५ लाख आणि लातूरची सुमारे ३.८ लाख होती. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ मध्ये, तर लातूर महानगरपालिका २०११ मध्ये स्थापन झाली. दोन्ही शहरे वेगाने वाढली, पण ती मुख्यतः आडवी पसरली. दोन-तीन मजली घरे, मुख्य रस्त्यांवर दुकानांच्या वर चढलेले मजले आणि नव्या वसाहतींतील पार्किंगवर उभे केलेले अपार्टमेंट हे दोन्हीकडचे सर्वसाधारण चित्र आहे.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) १५ मीटर किंवा त्याहून अधिक उंचीची इमारत ‘उंच’ मानली आहे. पार्किंग सोडून चार-पाच मजले झाले की इमारत या व्याख्येत येते. त्यामुळे संहितेच्या हिशेबाने नांदेड-लातुरात उंच इमारती बऱ्याच आहेत. जगभरच्या गगनचुंबी इमारतींची नोंद ठेवणारी शिकागोची परिषद मात्र साधारण १४ मजले किंवा ५० मीटर ही पायरी धरते. तिथपर्यंत ही शहरे सहसा जात नाहीत. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील टल्सा या शहराची २०१० ची लोकसंख्या ३.९२ लाख होती, म्हणजे जवळपास लातूरएवढीच. तेलाच्या पैशावर वाढलेल्या त्या शहरात १९७० च्या दशकातच मिनोरू यामासाकी यांच्या आराखड्याचा ५२ मजल्यांचा, सुमारे २०३ मीटर उंच बीओके टॉवर उभा राहिला. शहरात माणसे किती यावरून इमारतीची उंची ठरत नाही. जमिनीचा भाव, एका ठिकाणी गोळा होणारा पैसा, पायाखालची माती आणि पाणी यांवरून ती ठरते. नांदेड-लातूरच्या बाबतीत शेवटच्या दोन गोष्टींचा वाटा फार मोठा आहे.

या भागात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरुमाखाली काळा कातळ असतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या हालचालीने उथळ पायावरच्या भिंतींना तडे जातात. म्हणून इथला जुना गवंडीसुद्धा ‘मुरूम लागेपर्यंत खणा’ असेच सांगतो. कातळाचा थर पश्चिमेकडे जाड आहे आणि पूर्वेकडे विरळ होत जातो. किल्लारीजवळ १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या ६१७ मीटर खोल विंधनछिद्रात तो सुमारे ३३८ मीटर जाडीचा भरला. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोली पट्ट्यात मात्र ग्रॅनाइटचे खडक उघडे पडतात. थोडक्यात, जमीन उंच इमारतीला नकार देत नाही, पण पायावरचा खर्च वाढवते. शहराच्या कडेला स्वस्त प्लॉट मिळत असताना तो खर्च करायला फारसे कोणी तयार होत नाही.

जुन्या काळी गावातली सर्वांत उंच वास्तू म्हणजे देशमुख-पाटलांची गढी. पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, कोपऱ्यांना बुरूज आणि आत वाडा, अशी तिची रचना असे. मराठवाड्यातील अनेक गावांत या गढ्यांचे ढिगारे अजून घरांच्या वर डोके काढून आहेत. कंधारला राष्ट्रकूटकालीन महाकाय क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवशेष मिळाले आहेत. मूर्ती अखंड असती, तर ती या प्रदेशातील उंच शिल्पांत सहज गणली गेली असती. माहूर, कंधार, औसा आणि उदगीर येथे किल्ले आहेत. नांदेडचा गोदाकाठचा नंदगिरी किल्ला उंचीपेक्षा नदीच्या वेढ्यासाठी महत्त्वाचा.

नांदेडच्या आकाशरेषेवर ज्या वास्तूचे नाव आधी घ्यावे लागते ती म्हणजे तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हा शीख गुरुद्वारा. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये येथे देह ठेवला. त्या जागी महाराजा रणजितसिंग यांच्या पुढाकाराने १८३२ ते १८३७ या काळात आजची इमारत उभी राहिली. ती दुमजली आहे. आतल्या गर्भस्थानास अंगीठा साहिब म्हणतात. वरचा सोन्याने मढवलेला घुमट आणि शेजारचा निशाणसाहिब ध्वज दुरून दिसतात. मजल्यांच्या गणतीत तिची नोंद फार वर येणार नाही, तरी शहराच्या ओळखीत तिच्या जवळपास जाणारी दुसरी इमारत नाही. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याने शहराचे रूप बदलले. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून रस्ते, पूल आणि पाणीपुरवठ्याची कामे झाली, यात्रेकरूंसाठी मोठे यात्री निवास बांधले गेले आणि विमानतळाचे नूतनीकरण झाले. जुन्या नांदेडातील बहुमजली बांधकामाला खरी चालना या काळात मिळाली. विमानतळाचा एक परिणाम उलट दिशेचाही आहे. धावपट्टीच्या परिसरात उंच बांधकाम करायचे तर विमानतळ प्राधिकरणाची उंचीची मंजुरी लागते आणि उतरण्या-उडण्याच्या मार्गात ही मर्यादा अधिक कडक असते.

लातूरची मध्यवर्ती वास्तू म्हणजे गंजगोलाई. ती उंचीसाठी प्रसिद्ध नाही, आणि तिचे मोठेपण नेमके त्यातच आहे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याप्रमाणे निजामाच्या राजवटीत ही वर्तुळाकार दुमजली बाजारपेठ आकाराला आली. मुख्य इमारत १९१७ ची मानली जाते. मधोमध अंबाबाईचे मंदिर असून भोवतालच्या वर्तुळाला सुमारे १६ रस्ते येऊन मिळतात. सराफा, चपला-जोडे, मिरची, गूळ अशा एकेका मालाची एकेक वाट. शहराचा व्यापार ज्या ठिकाणी एकवटला, तिथे गोल फिरता येईल अशी दुमजली इमारत बांधून मालाला आणि माणसाला सोळा दिशा मोकळ्या करून दिल्या गेल्या. शंभर वर्षांनंतरही लातूरच्या बाजाराचे केंद्र तेच आहे. महाराष्ट्रातील नियोजित बाजारपेठांच्या इतिहासात गंजगोलाईला आहे त्याहून कितीतरी मोठे स्थान मिळायला हवे.

या प्रदेशात उंचीचा विचार १९९३ च्या आधीचा आणि नंतरचा असा वेगळा करावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. तेव्हाच्या लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसे गेली. माणसे मेली ती उंच इमारतींखाली नव्हे, तर एकमजली माळवदांखाली. दोन ते तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर लादणी आणि तिच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ती घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारे हे छप्पर दर पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकून अधिक जड होत असे. आतून-बाहेरून दगड रचलेल्या भिंतीत दोन्ही पदर बांधणारे लांब दगड नसत, त्यामुळे धक्क्यात भिंतीचे पदर सुटले आणि छप्पर खाली आले. ज्या घरांत छपराचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, त्यांतली कित्येक तग धरून राहिली. लातूर शहर केंद्रापासून सुमारे ४० किलोमीटरवर असल्याने तिथे विनाश टळला. भूकंपक्षेत्रातील एक उंच जलकुंभ मात्र आपल्याच खांबांवर सरळ खाली बसला. जलकुंभांच्या रचनेवरील अभियांत्रिकी लेखनात त्याचा दाखला अजून दिला जातो.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी बसवली गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या या कामात शेतजमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली, सारी एकमजली. रस्ते रुंद, घरे सुटी. जुन्या गावातल्या दाट गल्ल्या, वाड्यांचे चौक आणि शेजाराची ओढ या आराखड्यात आली नाही, ही खंत पुनर्वसित गावांतून अनेकदा व्यक्त झाली आहे आणि ती रास्त आहे. सुरक्षितता हवीच होती, पण ती गावाच्या मूळ घडणीशी जुळवूनही देता आली असती. लातूर शहरात पुढे बराच काळ वरच्या मजल्यावरचे घर घ्यायला लोक कचरत. नियमही बदलले. भूकंपाच्या वेळी हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात मोडत होता. भारतीय मानक १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारी-लातूरचा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. सळईची बांधणी कशी असावी हे सांगणारे मानक १३९२० योगायोगाने १९९३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. खांब-तुळईच्या सांध्यात रिंगा जवळजवळ बसवणे आणि त्यांचे हूक आत वाकवणे या साध्या गोष्टींवर इमारतीचा जीव असतो, हे त्यातून साइटवरच्या सळई बांधणाऱ्या कारागिरापर्यंत पोचायला हवे होते. ते सगळीकडे सारखे पोचले नाही.

लातूरमध्ये भूकंपाइतकीच पाण्यानेही उंचीला मर्यादा घातली. शहराची तहान मांजरा नदीवरील धनेगावच्या धरणावर अवलंबून आहे. पाऊस हुकला की नळाचे पाणी आठ-दहा दिवसांवर, कधी त्याहूनही लांब जाते. ‘वर पाणी चढत नाही’ ही तक्रार लातूरच्या अपार्टमेंटमध्ये नेहमीची आहे. त्यामुळे इमारत बांधताना जमिनीखालचा हौद, बोअर आणि टँकर आत येईल एवढी जागा यांचा विचार मजल्यांच्या आधी करावा लागतो. २०१६ च्या दुष्काळात शहरातील जलकुंभांभोवती जमावबंदीचे आदेश काढावे लागले. टाक्यांपाशी टँकर भरताना होणाऱ्या गर्दीतून भांडणे होऊ नयेत हा त्यामागचा हेतू होता. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. १० टँकरांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० टँकरांची गाडी धावू लागली. त्या उन्हाळ्यात लातूरकरांची नजर ज्या उंच बांधकामावर खिळली होती ते म्हणजे पाण्याची टाकी. उंच इमारतींच्या नोंदीत जलकुंभ सहसा गाळले जातात. मराठवाड्याची नोंद करताना ते गाळणे चुकीचे ठरेल, कारण शहरातील प्रत्येक घराचा ज्याच्या उंचीशी रोजचा संबंध येतो असे दुसरे बांधकाम इथे नाही.

अलीकडच्या बहुमजली बांधकामामागे लातूरमध्ये शिक्षण हे मोठे कारण आहे. ‘लातूर पॅटर्न’ या अभ्यासपद्धतीमुळे राज्यभरातून विद्यार्थी येतात. त्यांच्यासाठी शिकवणी वर्ग, वसतिगृहे, खानावळी आणि अभ्यासिका यांची दाटी झाली असून त्या भागाला सर्रास ‘ट्यूशन एरिया’ म्हणतात. एकेका इमारतीत खाली दुकाने, मधे वर्ग आणि वर मुलामुलींच्या खोल्या असतात. अशा ठिकाणी जिन्याची रुंदी, दुसरा जिना आणि आग विझवण्याची सोय यांना मजल्यांच्या संख्येपेक्षा अधिक महत्त्व द्यायला हवे. महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे आणि त्याची अंमलबजावणी या वर्गांपासूनच व्हायला हवी, कारण तिथे शेकडो कोवळी मुले एका वेळी बसतात. नांदेडमध्ये शिवाजीनगर, वजिराबाद, तरोडा आणि कौठा या बाजूंना दवाखाने, व्यापारी संकुले आणि अपार्टमेंट वाढली आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू झाल्यावर रुंद रस्त्यांवर अधिक चटईक्षेत्र मिळू लागले आणि दोन्ही शहरांत नव्या इमारती आधीपेक्षा उंच आखल्या जाऊ लागल्या.

लातूरमध्ये १३ एप्रिल २०२२ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सुमारे ७० फूट उंचीचा ‘स्टॅच्यू ऑफ नॉलेज’ हा पुतळा उभारण्यात आला. हा पुतळा इमारत नसला, तरी शहरातील ठळक उंच बांधकामांमध्ये त्याची गणना होते.

लातूरप्रमाणे नांदेडलाही जमीन हलण्याचा अनुभव आहे. २००७ च्या सुमारास शहरात सौम्य धक्क्यांची मालिका सुरू झाली होती. जमिनीतून गडगडल्यासारखे आवाज येत आणि लोक रात्री बाहेर बसत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ क्षमतेचे धक्के बसले, ते नांदेडलाही जाणवले. या शहरांत खाली मोकळे पार्किंग आणि वर विटांच्या भिंतींचे भरगच्च मजले, ही रचना सर्वत्र आहे. अशा इमारतीत खालचा मजला वरच्यापेक्षा लवचीक राहतो आणि धक्क्याचा सारा ताण पार्किंगच्या खांबांवर येतो. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत याच प्रकारच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. २००२ च्या मानकात अशा मोकळ्या मजल्याचे खांब अडीच पट बलासाठी आखण्याची तरतूद त्यानंतर आली. त्यापूर्वी बांधलेल्या इमारतींत पार्किंगच्या काही गाळ्यांमध्ये काँक्रीटची भिंत किंवा पोलादी तिरपे आधार बसवून हा दोष कमी करता येतो. काही मोटारींची जागा जाते, खर्च सोसायटीतील सगळ्यांना वाटून घ्यावा लागतो, आणि स्थापत्य अभियंत्याकडून आधी खांबांची तपासणी करून घ्यावी लागते.