जराराकाच्या विषातून निघालेली गोळी

जराराका हा ब्राझीलमधला विषारी साप. 1948 मध्ये मॉरिसियो रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साओ पावलोत त्याचं विष रक्तद्रवात मिसळलं, तेव्हा रक्तवाहिन्या सैल करणारा एक पदार्थ मोकळा झाला. तो ब्रॅडिकायनिन. पदार्थ रक्तातलाच, विषाने त्याला फक्त सोडवलं होतं.

ब्रॅडिकायनिन शरीरात फार टिकत नाही. पण त्याचा परिणाम लांबवणारे पेप्टाइडही त्याच विषात आहेत, हे 1965 मध्ये सर्जिओ फेरेरा यांनी दाखवलं. पुढे तो अर्क घेऊन ते लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे वाय. एस. बखले यांनी तो कुत्र्याच्या फुप्फुसाच्या अर्कावर वापरून पाहिला. 1968 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: या पेप्टाइडांनी रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-2 तयार होणंच थांबतं.

दोन्ही परिणामांमागे एकच एन्झाइम होतं, एसीई. ते दहा अमिनो आम्लांच्या अँजिओटेन्सिन-1 ची शेवटची दोन आम्लं कापतं आणि उरलेल्या आठांचं अँजिओटेन्सिन-2 बनतं. ब्रॅडिकायनिनलाही तेच तोडतं. हृदय थकलं की मूत्रपिंडांना रक्त कमी पोहोचतं आणि हीच साखळी जोरात चालू होते. रक्तवाहिन्या आवळतात, मीठ-पाणी अंगात साठतं, आधीच दमलेल्या हृदयावर आणखी भार पडतो.

विषातलं पेप्टाइड इंजेक्शननेच द्यावं लागे. अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत डेव्हिड कशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी एसीईच्या खाचेत जस्ताचा अणू असणार, हे गृहीत धरून लहान रेणू रचला. त्याचं एक टोक प्रोलीनचं, दुसऱ्या टोकाला जस्ताला पकडून ठेवणारं गंधक. हे कॅप्टोप्रिल, तोंडाने घेता येणारं. 1981 मध्ये रक्तदाबासाठी त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. 1987 मध्ये त्याच घराण्यातल्या एनालाप्रिलची 253 अत्यवस्थ हृदयरुग्णांवर चाचणी झाली. सहा महिन्यांतलं मृत्यूचं प्रमाण 44 टक्क्यांवरून 26 टक्क्यांवर आलं.

'प्रिल' गोळ्यांनी काहींना कोरड्या खोकल्याची ढास लागते, तिचं मूळही इथेच असल्याचं मानतात. एसीई अडलं की ब्रॅडिकायनिन साचतं.

त्याला तोडणारं आणखी एक एन्झाइम आहे, नेप्रिलायसिन. हृदयाला दिलासा देणारी, मीठ-पाणी बाहेर टाकायला लावणारी पेप्टाइडंही ते नष्ट करतं. म्हणून दोन्ही एन्झाइमं एकदम रोखणारं ओमापॅट्रिलॅट आणून पाहिलं. चेहरा, जीभ आणि घसा सुजण्याचं प्रमाण एनालाप्रिलच्या तिपटीवर गेलं आणि ते औषध बारगळलं. पुढे फक्त नेप्रिलायसिन रोखणाऱ्या सॅक्युबिट्रिलला जोड दिली वॅलसार्टनची. वॅलसार्टन एसीईला हात लावत नाही, अँजिओटेन्सिन-2 जिथे चिकटतं ती जागा अडवतं. त्यामुळे ब्रॅडिकायनिनला निचऱ्याची एक वाट उरते. 2014 च्या चाचणीत ही जोडी एनालाप्रिलपेक्षा सरस ठरली. मात्र 'प्रिल' गोळी थांबवून ती सुरू करताना मध्ये किमान 36 तास जाऊ द्यावेच लागतात. दोन्ही वाटा एकाच वेळी बंद होऊन चालत नाही.