गिळलेलं अ‍ॅसिड

आमचं भंडारा पितळी भांड्यांचं गाव. पितळ उजळायला अ‍ॅसिड लागतं. पाण्याच्या जुन्या बाटलीतलं ते कुणी चुकून प्यायलं की अन्ननलिका जळते. माणूस वाचला तरी काही आठवड्यांत जखम आकसते, घास उतरेनासा होतो. मग नागपूर गाठायचं.

नळी पुन्हापुन्हा रुंदावूनही भागलं नाही तर शस्त्रक्रिया. १९०७ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेझार रू यांनी लहान आतडं वर ओढून अन्नाला नवी वाट दिली. १९११ मध्ये केलिंग आणि व्हुलिए यांनी मोठं आतडं सुचवलं. काय धाडस म्हणायचं!

मला मात्र अमेरिकेचे डॉ. शेव्हलिअर जॅक्सन जास्त भावतात. पोरांच्या जळलेल्या नळ्या रुंदावता रुंदावता ते सरकारच्या मागे लागले, आणि दाहक पदार्थांच्या डब्यावर ‘विष’ छापायचा कायदा १९२७ मध्ये झाला. आपल्याकडे अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीला सर्वोच्च न्यायालयाने लगाम घातला तो २०१३ मध्ये, तोही मुलींच्या चेहऱ्यांवर फेकलं गेलं म्हणून.