ईश्वराची मर्जी आणि घरातील लक्ष्मी

खंडेनवमीस उद्यमबागेतील फौंड्र्यांतून व यंत्रशाळांतून यंत्रांची पूजा होते, तेव्हा ‘देवाने भरभरून दिले’ हे उद्गार हमखास कानी पडतात. कृतज्ञता म्हणून ते योग्यच होत. परंतु ज्यास मिळाले नाही त्याच्यावर देवाची मर्जी नाही, असा उलटा हिशेबही त्यांतून नकळत निघतो. सत्यनारायणाच्या कथेतील साधुवाणी आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे; दंडी संन्याशाशी खोटे बोलताच त्याच्या नौकेतील धनाचा पालापाचोळा झाला, आणि शरण जाताच ते पूर्ववत् झाले.

हा हिशेब आपल्याच घरचा आहे असे मात्र नव्हे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स यांच्यासारख्या ख्रिस्ती उपदेशकांनी दान म्हणजे बी, आणि देव त्याचे पीक अनेक पटींनी देतो, असे शिकविले. मराठी ख्रिस्ती समाजाचा आरंभकाळ पाहिला तर ही शिकवण त्यास अगदी परकी दिसते.

बाबा पदमनजी हे आमच्या बेळगावचेच. कासार ज्ञातीत १८३१ साली जन्म, आणि १८५४ साली याच गावी बाप्तिस्मा. त्यापूर्वी चारच वर्षे १८५० चा एकविसावा कायदा झाला होता. धर्म सोडल्यामुळे अथवा जातीबाहेर पडल्यामुळे मालमत्ता व वारसाहक्क बुडविणारा कोणताही रिवाज कंपनी सरकारच्या न्यायालयांत चालू नये, असे त्याने ठरविले. कायदा मोठा खराच. पण वकिली करणाऱ्या आम्हांस त्याची मर्यादाच अधिक जाणवते. तो जमिनीतील हिस्सा राखू शकत होता, पंगतीतले पान नव्हे. सोयरीक, घरचे सणवार, आईच्या हातचे जेवण यांसाठी दावा लावता येत नाही. धर्मांतर करणाऱ्याच्या पदरी पहिले पडे ते हेच नुकसान.

१८५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘यमुनापर्यटन’ या त्यांच्या कादंबरीत यमुना व तिचा पती विनायक या दोघांचाही ओढा ख्रिस्ताकडे आहे. तरीही विनायक मरतो आणि यमुनेस वैधव्य येते. धर्मप्रचार हा पुस्तकाचा उघड हेतू असताना लेखकाने श्रद्धेच्या बदल्यात आयुष्य देऊ केले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा आपल्याकडे फार चालला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात, आणि पुढल्या दुष्काळांतही, मिशनच्या धान्याकडे भुकेलेली माणसे गेली, हे खोटे नाही. भुकेल्याने धान्य घेण्यात आम्हांस लाज दिसत नाही. धान्य हाच देवाच्या प्रेमाचा पुरावा म्हणून दाखविणारा, आणि त्या धान्यावरून घेणाऱ्याची श्रद्धा मोजणारा, हे दोघे मात्र एकाच तराजूने तोलतात.

बायबलातील ईयोबाच्या कथेत मित्र त्यास हेच ऐकवितात: संपत्ती गेली, मुले गेली, त्या अर्थी तुझ्या हातून पाप घडले असले पाहिजे. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो. पुढे ईयोबास पूर्वीच्या दुप्पट मिळाले, याकडे संपत्तीचे उपदेशक बोट दाखवितात. आम्ही निकालपत्र क्रमाने वाचणारे. निकाल आधी आहे, भरपाई नंतर. राखेत बसलेला, अंगभर फोड आलेला ईयोब निर्धन असतानाच खरा ठरला.

नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० साली. हाती आलेला पैसा टिळकांपाशी किती टिके, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांस सांगणे नको. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आणि तुकोबा तर दुष्काळात पत्नी व मूल गमावून, हिश्शाची कर्जखते इंद्रायणीत सोडून विठ्ठलापुढे उभे राहिलेले. १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्या दरबारात जागा होती. दोन वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते वारले.