१.३ मल्टीजेट : ‘राष्ट्रीय इंजिना’ची रचना आणि दुखणी

स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, लिनिया... मोटारी वेगवेगळ्या कंपन्यांच्या, बॉनेटखालचे १.३ लिटर डिझेल इंजिन मात्र मुळात एकच, फियाटचे मल्टीजेट. म्हणूनच वाहनशौकिनांनी त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हटले. युरोपात २००३ मध्ये आलेले हे इंजिन २००७ मध्ये मारुती स्विफ्टमध्ये बसले. मानेसरप्रमाणेच पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथेही त्याचे उत्पादन होत असे. ‘भारत स्टेज ६’ निकष लागू होताना, २०२० मध्ये, भारतातील नव्या मोटारींमधून ते बाद झाले. वापरलेल्या मोटारींच्या बाजारात मात्र ते आजही भेटते. अशी मोटार घेणाऱ्याने त्याची प्रकृती जाणून घ्यायला हवी.

तांत्रिक तपशील
- क्षमता : १२४८ सीसी, ४ सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह
- बोअर व स्ट्रोक : ६९.६ मि.मी. व ८२ मि.मी.
- इंधनपुरवठा : कॉमन रेल
- स्विफ्टमधील शक्ती : ७५ पीएस, टॉर्क १९० न्यूटन मीटर
- अधिक शक्तीची आवृत्ती (एसएक्स-४, अर्टिगा) : ९० पीएस, २०० न्यूटन मीटर, व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो

नेहमीचे बिघाड

*टर्बो लॅग :* सुमारे २००० आरपीएमच्या खाली इंजिन मंद वाटते. हा दोष नव्हे, स्वभाव आहे. मात्र त्यापुढेही ओढ नसेल आणि काळा धूर येत असेल, तर टर्बोचा हवेचा पाइप फाटला आहे का, ते पाहावे.

*टायमिंग चेन :* बेल्टऐवजी चेन असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते. ऑइल वेळेवर न बदलल्यास चेन सैल पडते आणि टेन्शनर निकामी होतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताना होणारा खडखडाट ही त्याची पहिली सूचना. चेन सुटल्यास दुरुस्तीचा खर्च मोठा असतो.

*ईजीआर व्हॉल्व्ह :* केवळ शहरातील संथ वाहतुकीत फिरणाऱ्या मोटारीत त्यावर काजळी साचते. ओढ कमी होते, आयडलिंग अस्थिर होते.

*टर्बो :* त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. निळसर धूर किंवा ऑइलची घट दिसल्यास तपासणी करावी.

काय काळजी घ्यावी?

बहुतेक दुखण्यांचे मूळ जुन्या ऑइलमध्ये असते. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल वापरावे व मुदतीत बदलावे. लांबच्या, वेगवान प्रवासानंतर इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट आयडल ठेवावे. जुनी मोटार घेताना किलोमीटरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसची नोंदवही आधी पाहावी आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करून ऐकावे. विक्रेत्याने ते आधीच गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे.