चांदोलीतल्या जुन्या जोत्यांचं काय करायचं?

मंडळी, चांदोली म्हणजे काही आधीपासूनच निर्मनुष्य जंगल नव्हतं. झोळंबीसारखी गावं होती, घरं होती, शेतं होती. १९८५ला अभयारण्य, २००४ला राष्ट्रीय उद्यान, २०१०ला कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गावं उठली, जोती राहिली. पडीक शेतांत गवत माजलं, तिथं आता गवे चरतात.

या जोत्यांवर पर्यटकांसाठी बंगले नकोत. वाघासाठी गाव उठवायचं आणि तिथंच पाहुणे झोपवायचे, मग उठलेल्यांना काय तोंड दाखवायचं? एखादं जोतं वनरक्षकांच्या कुटीला द्या, बाकी गवतालाच राहू द्या. फक्त प्रत्येक गावठाणावर गावाच्या नावाची पाटी लावा, आणि वर्षातून एकदा देवाला जायची वाट मोकळी ठेवा.

तुमचं मूळ गाव तिथलं असेल तर नाव खाली लिहा.