प्रकाश सोडून अणू शांत कसा होतो?

नागपंचमीला पाटोद्यासारख्या गावांत झाडांना झोके बांधले जातात. झोका हवा तितका उंच नेता येतो आणि थांबवला की थांबतो. अणूचा झोका मात्र वेगळ्या नियमांनी चालतो.

सापळ्यातला अणू

अणूमधून एक इलेक्ट्रॉन काढला की तो आयन होतो. असा एकच आयन निर्वात जागेत विद्युत क्षेत्राच्या सापळ्यात अडकवून ठेवता येतो. तिथे तो झोक्यासारखा हलतो, पण त्याच्या हालचालीची ऊर्जा जिन्याच्या पायऱ्यांसारखी असते. मधलं काही चालत नाही. सगळ्यात खालच्या पायरीवरही तो पूर्ण स्थिर होत नाही.

प्रकाश काय करतो?

प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, सोडला की अणूला उलटा धक्का बसतो. इटर्बियमच्या मोकळ्या आयनाला अतिनील फोटॉनच्या एका धक्क्याने सेकंदाला साधारण ६ मिलिमीटर वेग मिळतो.

मग धक्के खाऊन तो शांत कसा होतो? लेझरची ऊर्जा मुद्दाम एका पायरीइतकी कमी ठेवली जाते. ही तूट आयन स्वतःच्या हालचालीतून भरून काढतो आणि फोटॉन सोडताना ती ऊर्जा बाहेर टाकतो. सापळा घट्ट असेल तर उलट्या धक्क्याने पायरी सहसा बदलत नाही. त्यामुळे फेरीगणिक आयन एकेक पायरी उतरतो. फोटॉन सुटला नाही, तर तोच लेझर त्याला परत वर चढवेल.

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरमध्ये पाऱ्याचा आयन असा तळाच्या पायरीवर आणला गेला. १९९६ मध्ये डेव्हिड वाइनलँड यांच्या गटाने बेरिलियमचा आयन लेझरच्या साहाय्याने सुमारे ८० नॅनोमीटर अंतरावरच्या दोन जागी एकाच वेळी असल्याच्या अवस्थेत नेला. २०१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल वाइनलँड आणि सर्ज हारोश यांना मिळालं.

आपल्याला काय?

आयन हलला की त्याच्या प्रकाशाची वारंवारता सरकते आणि अणुघड्याळ चुकतं. उपग्रहाच्या घड्याळात एका मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर अंतर मोजण्यात ३०० मीटरचा फरक पडतो. मोबाइलवरचा नकाशा अशाच घड्याळांवर चालतो.

पुण्यात आयुकामध्ये सुभदीप डे यांची प्रयोगशाळा इटर्बियम आयनाच्या घड्याळावर काम करते, तर आयसरमध्ये उमाकांत रापोल यांचा गट अतिशीत अणूंवर. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली आहे.